रोपांआधी करार

पाऊस लागला की महाड-पोलादपुरात वृक्षारोपणाचे फलक झळकतात. खड्डे तयार, रोपं तयार, पाहुणे तयार. राज्याने २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी झाडांचा संकल्प सोडला होता. तरी तुडीलपासून पोलादपूरपर्यंत कितीतरी डोंगर उन्हाळ्यात वणव्याने काळे पडतात.

इथला प्रश्न रोपांआधी मालकीचा आहे. कोकणातली बरीच झाडी खासगी जमिनीत आहे. सातबाऱ्यावर नावांची रांग आणि निम्मे वारस मुंबईत. ठेकेदार येऊन उभं रान ठरवतो, मालकाच्या हातावर एकरकमी पैसे ठेवतो आणि ऐन, किंजळ, जांभूळ सगळं सरसकट तुटतं. त्या पैशाला पर्याय दिल्याशिवाय मालकाला झाडांचं महत्त्व सांगणं फुकट आहे.

संगमेश्वर तालुक्यात पुण्याच्या ‘एईआरएफ’ या संस्थेने हा पर्याय शोधला. जंगल न तोडण्याचे करार तिने जमीनमालकांशी आणि गावांशी केले. महाधनेश ज्या जुन्या बेहड्यांच्या ढोलीत घरटं करतो, त्यांची फळं शाश्वत वेचणीच्या ‘फेअरवाइल्ड’ प्रमाणपत्रासह ब्रिटनच्या ‘पुक्का हर्ब्स’ कंपनीपर्यंत पोहोचली. उभ्या झाडाला गिऱ्हाईक मिळालं.

लागवड हवीच, पण कशाची? जर्मनीच्या हार्झ पर्वतात खाणींच्या लाकडासाठी पिढ्यान्‌पिढ्या एकट्या स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची लागवड झाली. २०१८च्या दुष्काळानंतर सालीत शिरणाऱ्या भुंगेऱ्यांनी डोंगरच्या डोंगर वाळवले. आपल्याकडे भराभर वाढतात म्हणून सुबाभूळ, गिरिपुष्प आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ लावणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. तोडलेल्या ऐन-किंजळाच्या खोडांना आपसूक धुमारे फुटतात. त्यांना आग आणि कुऱ्हाडीपासून राखलं, तर निम्मं काम रोपवाटिकेशिवायच होतं. जिथे काहीच उरलेलं नाही, तिथे हिरडा, बेहडा, जांभूळ लावावेत. बी जवळच्या देवराईतलं असावं.

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळिये गावात दरड कोसळून ८०हून अधिक माणसं गेली. खोलवरून सुटलेली दरड झाडं थोपवतीलच असं नाही; धोक्यातल्या वस्त्यांना पुनर्वसनच हवं. पण उघड्या उतारावरची माती धरून ठेवायला मुळांसारखं स्वस्त साधन नाही.

महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांकडे सीएसआरचा निधी आहे. तो एका दिवसाच्या सोहळ्यावर न उधळता दहा वर्षांच्या करारात घालावा. त्यात मालकाला दरवर्षी राखलेल्या एकरामागे मोबदला, आदिवासीवाडीतल्या तरुणांना वणवा रोखणाऱ्या जाळरेषा काढण्याची आणि राखणीची मजुरी आणि ग्रामसभेसमोर जगलेल्या झाडांची मोजणी असावी. पहिला हप्ता करारावर सही होताच द्यावा, पुढचे सगळे मोजणीनंतर.