राखेला नावं ठेवू नका, पाणी मारा

घर बांधायला काढलेला माणूस सिमेंटच्या दुकानात गेला की त्याची मागणी ठरलेली असते, ‘राखेचं नको, 53 ग्रेडच द्या.’ राख म्हणजे भेसळ, हा समज आपल्याकडे पक्का आहे. प्रत्यक्षात पीपीसीच्या (पोर्टलंड पोझोलाना सिमेंटच्या) पोत्यात 15 ते 35 टक्के फ्लाय अ‍ॅश, म्हणजे औष्णिक वीज केंद्रातली कोळशाची राख, भारतीय मानकानेच मान्य केलेली आहे. स्लॅग सिमेंटमध्ये पोलाद कारखान्यातल्या स्लॅगचं प्रमाण तर सत्तर टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं.

सिमेंट पाण्यात कालवलं की त्यातून चुना सुटतो. तो काँक्रीटला ताकद देत नाही, उलट पाण्याबरोबर झिरपून जातो. राखेतली सिलिका त्याच चुन्याला धरते आणि त्यातून खडी-वाळू बांधून ठेवणारं द्रव्य तयार होतं. काँक्रीटमधली छिद्रं बारीक होतात, पाणी कमी मुरतं. शिवाय सिमेंटचा मूळ घटक असलेला क्लिंकर करताना चुनखडी भाजावी लागते आणि दगडातला कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भट्टीचं इंधन बदललं तरी तो थांबत नाही; क्लिंकर कमी वापरून त्याची जागा राखेला देणं हा मोठा उपाय ठरतो.

आपल्याकडे राखेला तोटा नाही. चंद्रपूर, कोराडी, परळी, भुसावळ इथल्या वीज केंद्रांजवळ तिचे तलाव आहेत. जुलै 2022 मध्ये कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राख बंधारा फुटला आणि राख शेताशिवारात, नदीनाल्यांत पसरली. अशीच राख नीट वापरली तर काय होतं, हे घाटघरच्या धरणात दिसतं. रोलरने दाबलेल्या काँक्रीटचं ते देशातलं पहिलं धरण. त्यात निम्म्याहून अधिक सिमेंटची जागा राखेने घेतली आहे.

अर्थात, प्रत्येक राख चालत नाही. भंडारा-गोंदियातल्या राइस मिलच्या तुसाची राख सिलिकाने भरलेली असते, पण तूस सुमारे 700 अंशांच्या वर जळलं की ती सिलिका स्फटिक होऊन निष्क्रिय बनते. जळण अर्धवट राहिलं तर राखेत कोळसा उरतो. साखर कारखान्याच्या बॉयलरमधल्या बगॅसच्या राखेचीही हीच अडचण. म्हणून आधी चाचणी, मग मिक्सर.

मात्र राखेची बदनामी होते ती साइटवर. हे काँक्रीट सावकाश ताकद धरतं. आयएस 456 हे मानक अशा काँक्रीटला किमान दहा दिवस ओलं ठेवायला सांगतं. कोरड्या, उष्ण हवेत तर चौदा दिवसांची शिफारस करतं. आपल्याकडे गोणपाट चार दिवसांत वाळतं, सेंट्रिंग दुसऱ्या कामावर हलवायची घाई असते. मग स्लॅब गळला की दोष राखेचा!

सार्वजनिक बांधकाम खात्याने निविदेत राखेच्या प्रमाणासोबत पाणी मारण्याचे दिवस लिहावेत, ते मोजावेत आणि त्याशिवाय बिल काढू नये. घर बांधणाऱ्यांनीही पोत्याचा ग्रेड विचारण्याआधी मिस्त्रीला विचारावं, ‘पाणी किती दिवस मारणार?’