चादर आधी धुऊन मोजा

गेल्या मे महिन्यात शेजारची मुलगी घरी आली. एम.कॉम.चं पहिलं वर्ष. म्हणाली, "काका, ओजेटीच्या कागदावर सही-शिक्का देणारं कुणी ओळखीचं आहे का?" नव्या शैक्षणिक धोरणाने या मुलांना चार श्रेयांकांचं कार्यप्रशिक्षण लावून दिलं आहे, म्हणजे साधारण 120 तास. तिच्या वर्गातल्या बऱ्याच जणांनी मामाच्या दुकानाचा नाहीतर ओळखीच्या सीएचा शिक्का मिळवला होता. मी विचारलं, "सरकारी खरेदी कशी होते ते बघायचंय का?" तिने उलट विचारलं, "तिथे आम्हाला कोण येऊ देणार?"

तिचं खरं होतं. मी 31 वर्षं एका जिल्हा रुग्णालयाच्या भांडारात काढली, शेवटची काही वर्षं भांडारपाल म्हणून. एवढ्या काळात एकही विद्यार्थी खरेदी शिकायला आला नाही आणि आम्हीही कुणाला बोलावलं नाही. ती दारं आता उघडावीत असं मला फार वाटतं, आणि त्यामागे एक चादर आहे.

आम्ही 800 चादरी घेतल्या होत्या. जाहिरात रीतसर दिली. तांत्रिक लिफाफा, आर्थिक लिफाफा, तुलनात्मक तक्ता, खरेदी समितीची मान्यता, सगळं नियमाने झालं. सर्वांत कमी दराच्या पुरवठादाराने वेळेत माल दिला. आम्ही टेप लावून मोजला, 90 बाय 54 इंच, अगदी बरोबर. बिल निघालं. धोबीघरातून चार-पाच वेळा कढत पाण्यातून निघाल्यावर चादरी लांबीला पाच-सहा इंच आटल्या. गादीखाली खोचायला कापडच उरेना. रुग्णाने कूस बदलली की चादर गोळा व्हायची आणि उन्हाळ्यात घामेजलेली पाठ रेक्झिनला चिकटायची. वॉर्डातल्या सिस्टर ती चादर घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या, तेव्हा मला उत्तर देता आलं नाही.

पुरवठादाराचा दोष नव्हता. आमच्या विनिर्देशात लांबी, रुंदी, वजन, धाग्यांची संख्या होती. धुतल्यावर किती आटलेली चालेल, हे लिहिलेलंच नव्हतं. तो मजकूर मी जुन्या फायलीतून उतरवला होता, आणि त्या फायलीत तो त्याहून जुन्या फायलीतून आला होता. लेखापरीक्षणात या खरेदीवर एकही शेरा आला नाही.

पुढे मी स्वतःहून इचलकरंजीला गेलो. एका छोट्या यंत्रमागवाल्याने चादर दोन बोटांत चोळली आणि सांगितलं, "साहेब, ही आटणारच." तुम्ही निविदा का भरत नाही, असं विचारलं तर म्हणाला, तुमची उलाढालीची अटच आम्हाला झेपत नाही. चांगली चादर ओळखणारा माणूस आमच्या कागदामुळे बाहेरच राहिला होता.

सरकारी खरेदी बिघडते ती बहुतेक वेळा निविदा निघण्याच्या आधी, काय हवं हे लिहिताना. त्यासाठी वॉर्डात जावं लागतं, धोबीघरात उभं राहावं लागतं, चार दुकानं फिरावी लागतात. भांडारातल्या दोन-तीन माणसांना तेवढी उसंत नसते. वीस-एकवीस वर्षांच्या मुलांकडे ती असते, आणि "हे असं का?" असं विचारायला ती कचरत नाहीत.

वेळही जुळतो. मार्चची धांदल संपलेली असते आणि मे-जूनमध्ये वर्षभराची मागणी गोळा होत असते. प्रत्येक जिल्ह्यात रुग्णालय, जिल्हा परिषद, नगरपालिका यांनी दोन-दोन विद्यार्थी सहा आठवडे घ्यावेत. पहिल्या आठवड्यात 1 डिसेंबर 2016च्या शासन निर्णयाने आलेली खरेदीची नियमपुस्तिका आणि गेल्या वर्षीची एक पूर्ण झालेली फाइल वाचायला द्यावी. मग एकच वस्तू सोपवावी. बाक असो, बादली असो, चादर असो. ती वापरणाऱ्यांना भेटायचं, बाजारात आणि सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर भाव बघायचे, साठा नोंदवही प्रत्यक्ष मालाशी ताडायची आणि विनिर्देशाचा मसुदा लिहायचा.

गोपनीयतेचं काय, असं माझे जुने सहकारी विचारतात. त्यांची काळजी रास्त आहे. चालू निविदा, दर, पासवर्ड, डिजिटल सही यांच्या जवळ विद्यार्थी जाता कामा नयेत, आणि ज्याच्या घरचं कुणी पुरवठादार आहे त्याला त्या कार्यालयात घेऊच नये. पण धोबीघरात चादर मोजण्यात गुपित कसलं?

मानधन मात्र द्यावं. 2024च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधरांना महिना 10,000 रुपये ठरले होते, तेव्हा वाट नवी नाही. फुकट राबवलं तर खेड्यातून एसटीने येणारी मुलं पहिल्या आठवड्यातच गळतील, आणि आरोग्य केंद्रातली, शाळेतली गरज त्यांनाच जवळून ठाऊक असते.

वाणिज्य शाखेत आपण ग्राहकाची वर्तणूक शिकवतो. 2023-24 या एका वर्षात जेमवरून 4 लाख कोटी रुपयांहून अधिक खरेदी झाली. एवढा मोठा ग्राहक विद्यार्थ्यांना पदवी हाती पडेपर्यंत दिसतही नाही.

शेजारच्या मुलीने शेवटी एका दुकानाचा शिक्का आणला. यंदा तिचा भाऊ त्याच वर्गात आहे. आमच्या जिल्ह्यातलं कुठलंही कार्यालय तयार झालं, तर पहिल्या दोन विद्यार्थ्यांसोबत आठवड्यातले तीन दिवस मी बसेन. मला मानधन नको. फक्त एक टेबल आणि जुन्या चादरींची फाइल द्या.