'फक्त एक प्रोग्रॅमर हवा'

साहित्याच्या वर्गात आता अधूनमधून असा विद्यार्थी भेटतो, ज्याला कादंबरी लिहायची नसते. कथाप्रधान 'रोल-प्लेइंग' खेळ रचायचा असतो. खेळणारा एका पात्राच्या वतीने बोलणार, निर्णय घेणार आणि कथा त्यानुसार वळत जाणार, असा संगणकावरील खेळ. त्याच्याकडे पात्रे असतात, प्रदेश असतो, शेवटही ठरलेला असतो. 'आता फक्त एक प्रोग्रॅमर हवा,' असे तो सांगतो. माझा आक्षेप त्यातील 'फक्त' या शब्दाला आहे.

कथा म्हणजे आशय आणि आज्ञावली म्हणजे तो वाहून नेण्याची हमाली, ही समजूत या शब्दामागे आहे. या प्रकारात ती टिकत नाही. एस्टोनियन लेखक रॉबर्ट कुर्विट्झ यांच्या २०१३ मधील कादंबरीला फारसा वाचक लाभला नाही. त्याच कल्पित जगावर त्यांनी सहकाऱ्यांसह रचलेला 'डिस्को इलिसियम' हा खेळ २०१९ मध्ये आला आणि जगभर गाजला. त्यात दहा लाखांहून अधिक शब्द आहेत. पण त्याचे मर्म शब्दसंख्येत नाही. स्मृती गमावलेल्या एका पोलीस अधिकाऱ्याच्या मनातील चोवीस वृत्ती तेथे स्वतंत्रपणे बोलतात. कोणती वृत्ती केव्हा तोंड उघडील, हे खेळणाऱ्याने तिला दिलेल्या गुणांवर आणि मोक्याच्या क्षणी फाशांच्या दानावर ठरते. कादंबरीकार संज्ञाप्रवाहातून जे साधतो, ते येथे अटी आणि गणित यांतून साधले आहे. अशा अटी रचणाराही लेखकच नव्हे काय?

आपल्या रंगभूमीला हे नवे नाही. 'घाशीराम कोतवाल' (१९७२) तेंडुलकरांचे खरेच. पण जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचे संगीत आणि कृष्णदेव मुळगुंदांचे नृत्य वगळून त्या प्रयोगाविषयी बोलता येत नाही. त्यांना कोणी 'तांत्रिक साहाय्य' म्हणत नाही.

तेव्हा प्रोग्रॅमरकडे शंभर पानी कथासूत्र नेऊ नये. चालणारा एक प्रसंग न्यावा. ट्वाइन हे साधन मोफत आहे. केंब्रिजच्या इंकल या संस्थेने इंक ही कथालेखनाची भाषा २०१६ मध्ये सर्वांसाठी खुली केली. एक संवाद, तीन उत्तरे आणि प्रत्येकाचा पुढे जाणवणारा परिणाम, एवढे स्वतः करून पाहिले की समोरच्याला आपली निष्ठा दिसते आणि आपल्याला त्याच्या कामाचे वजन कळते. पहिला खेळ तासाभराचा असावा. श्रेय, मालकी आणि उत्पन्नाची वाटणी आरंभीच लेखी ठरवावी. कुर्विट्झ आणि त्यांचे काही सहकारी कंपनीतून बाहेर पडल्याचे २०२२ मध्ये उघड झाले, आणि त्यानंतरचा मालकीचा वाद सर्वांसमोर झाला.

खरी कसोटी मात्र याहून अवघड आहे. चांगला प्रोग्रॅमर विचारील: 'नायकाने येथे जायला नकार दिला तर?' हा प्रश्न तंत्राचा नाही, समीक्षेचा आहे. ठरवलेला शेवट त्यासाठी मोडायची ज्याची तयारी नाही, त्याने खुशाल कादंबरी लिहावी. त्याला सहलेखक नको आहे, लेखनिक हवा आहे.