मूल्यशिक्षणाचा तास पडद्याला नको

मूल्यशिक्षणाचे साहित्य ‘दीक्षा’ या डिजिटल शिक्षण मंचावर जरूर असावे, पण ते शिक्षकांच्या तयारीसाठी, वर्गातल्या तासाची जागा घेण्यासाठी नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

क्यूआर कोड स्कॅन करून प्रामाणिकपणावरची चित्रफीत लावली की तास झाला, ही सवय लागली तर मुले उत्तरे शिकतील, वागणे नाही. बाईंच्या एका मोबाइलभोवती तीस मुले माना उंचावतात; मागच्याला ना दिसते, ना ऐकू येते. त्याच वेळी शेवटच्या बाकावर हरवलेल्या खोडरबरावरून भांडण जुंपलेले असते; खरा पाठ तिथे असतो. २००९ मध्ये बीड जिल्ह्यात सुरू झालेल्या ‘मूल्यवर्धन’ या मूल्यशिक्षण कार्यक्रमानेही जोडीने, गटाने करायच्या कृतींवर भर दिला.

शालेय शिक्षण विभागाने मूल्यशिक्षणाचा तास वेळापत्रकात राखून ठेवावा आणि त्याचे फोटो अपलोड करण्याची सक्ती शिक्षकांवर लादू नये.