कपाटात दडवलेली पुस्तके

भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' (१९६३) कॉलेजच्या वयात वाचलेला माणूस पन्नाशीतही पांडुरंग सांगवीकरला विसरत नाही. आपल्यातल्या अनेकांनी ती वसतिगृहात वाचली. पण पुण्यात हरलेला पांडुरंग शेवटी गावी बापाच्या घरी परततो. आपल्या पोरांचे घर गावकुसाबाहेर होते, आणि बाबासाहेबांनी तर गाव सोडा म्हणून सांगितलेले. त्यामुळे आपल्या वाढत्या वयाची गोष्ट कादंबरीपेक्षा आत्मकथनातच सापडली. दया पवारांचे 'बलुतं' (१९७८), प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' (१९७९).

विद्यार्थिदशेत सोनकांबळे वाचताना डोळे भरले ते त्या अनाथ, उपाशी पोरासाठी. आज बाप झाल्यावर नजर जाते ती ज्या घरात तो वाढला त्या बहिणीकडे. तिच्या संसारात आधीच किती ओढाताण असेल, हे तेव्हा सुचलेच नव्हते.

'बलुतं' आले तेव्हा आपल्यातल्याच काही शिकलेल्यांनी नाक मुरडले होते, घाण कशाला उकरता म्हणून. आता फ्लॅटमधले आईबाप तेच म्हणतात, "मुलांना हे कशाला?" मुलाने मात्र हॅरी पॉटरचे सातही भाग संपवलेले असतात. (त्याला आमची हरकत नाही. तोही नातेवाइकांच्या घरी वाढलेला पोरका पोरगाच!) पण पंधराव्या वर्षी सोनकांबळे हाती पडलेच नाहीत, तर चाळिशीत पुन्हा उघडायला त्याच्याजवळ काय असेल?

६ डिसेंबरला शिवाजी पार्कच्या स्टॉलवर एक प्रत घरातल्या दहावीच्या मुलीसाठी घ्या. ती प्रश्न विचारील. तेव्हा टीव्ही बंद करून तिच्याजवळ बसा.