पवनचक्की कुणाच्या बांधावर, सही कुणाची?

डिसेंबर २०२४ नंतर ‘पवनचक्की’ हा शब्द आपल्या घराघरांत पोचला तो बीडमुळे. केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबरला हत्या झाली. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या दोन कोटींच्या खंडणीच्या आड ते आले, असं तपास यंत्रणेचं आरोपपत्र सांगतं. गावोगाव मोर्चे निघाले, ४ मार्च २०२५ ला मंत्री धनंजय मुंडे यांना राजीनामा द्यावा लागला. खटल्याचा निकाल न्यायालय लावेल. पण त्या गदारोळात चर्चा झाली ती कंपनीकडून कोण किती उकळतं याची. ज्यांच्या बांधावर हे मनोरे उभे राहतात, त्यांचं काय म्हणणं आहे हे फारसं कुणी विचारलं नाही.

त्यांचं म्हणणं साधं आहे. चक्की नको असं नव्हे, इथे नको. घराला खेटून नको, विहिरीच्या वाटेवर नको, आम्हाला न विचारता आमच्या उभ्या पिकातून रस्ता नको.

आपल्याकडे हा वाद नवा नाही. साताऱ्याच्या वनकुसवडे, चाळकेवाडीच्या पठारावर १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पवनचक्क्या फिरताहेत. ठोसेघरचा धबधबा बघायला गेलेल्या आपण सगळ्यांनी त्यांच्यापुढे उभं राहून फोटो काढलेत. खडकाळ माळ, कुसळं उगवणारी जमीन, तिला किंमत ती काय? असं म्हणतच अशा जमिनींचे व्यवहार होतात. पण माळ पडीक असतो तो कागदावर. जनावरं तिथेच चरतात, जळणाच्या काटक्या तिथूनच येतात, आणि ती कामं घरात कुणाकडे असतात हे काय सांगायला हवं? धुळे जिल्ह्यातल्या साक्रीत तर पवनचक्क्यांसाठी वनजमीन दिली गेली आणि तीच जमीन पिढ्यान् पिढ्या कसतो म्हणणारे आदिवासी वनहक्क मागत समोर उभे राहिले.

आता कायद्याचं बघा. धरण असो, खाण असो की औष्णिक वीज केंद्र, मोठा प्रकल्प यायचा तर आधी जनसुनावणी होते. नावापुरती का होईना, पण होते. पवनऊर्जेला ती अट नाही. केंद्राच्या २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेतल्या प्रकल्पांच्या यादीत ती नाहीच. हवा स्वच्छ, धूर नाही, मग सुनावणी कशाला, असा विचार. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात खासगी प्रकल्पासाठी ८० टक्के बाधितांची संमती लागते, पण ती सरकार जमीन संपादन करून देतं तेव्हा. इथे कंपनी एजंटामार्फत एकेका शेतकऱ्याला गाठते. खरेदीखत किंवा पंचवीस-तीस वर्षांचा भाडेपट्टा करते. गाव म्हणून कुणी एकत्र बसायच्या आत दहा जणांच्या सह्या झालेल्या असतात. अकराव्याला मग म्हणतात, तुझ्यामुळेच अडलंय.

बरं, सही तरी सगळीकडे लागते का? मनोऱ्याच्या पायासाठी लागते. वीज वाहून नेणाऱ्या तारांचं वेगळं. वीज कायदा २००३ च्या कलम १६४ खालचे अधिकार कंपनीला मिळाले असतील, तर तुमच्या शेतावरून लाइन न्यायला तुमची संमती लागत नाही. सातबारा तुमच्याच नावावर राहतो, वरून फक्त तारा जातात. खाली ऊस लावा, पण झाड वाढवू नका, घर बांधू नका. भांडण उरतं ते मोबदल्याचं. केंद्राने १४ जून २०२४ ला काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार मोठ्या वाहिनीच्या टॉवरखालच्या जमिनीसाठी तिच्या किमतीच्या दुप्पट आणि ग्रामीण भागात तारांखालच्या पट्ट्यासाठी ३० टक्के मोबदला सुचवला आहे. हा आकडा किती शेतकऱ्यांना कुणी आपणहून सांगितला असेल?

अंतराचाही नियम आहे. २०१६ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की राहत्या घरापासून ५०० मीटरच्या आत पवनचक्की नको, कारण आवाज. सार्वजनिक रस्ता आणि इमारतींपासून किती लांब, याचं गणितही दिलंय. मनोऱ्याची उंची, अधिक पात्यांच्या व्यासाचा निम्मा, अधिक पाच मीटर. म्हणजे १२० मीटर उंच मनोरा आणि १४० मीटर व्यास असेल तर १२० अधिक ७० अधिक ५, एकूण १९५ मीटर. चौथीतल्या पोरालाही जमेल. अडचण पुढेच आहे. मराठवाड्यात बरीच माणसं गावठाणात राहतातच कुठे, ती शेतातल्या वस्तीवर राहतात. त्या घराची ग्रामपंचायतीच्या नमुना आठला नोंद नसेल, तर ५०० मीटर मोजायचे कुठून? नकाशावर तिथे घरच नाही! नोंद असेल, तर आक्षेपाच्या अर्जाला काहीतरी आधार असतो.

आणि आता मुद्द्याचं. हे सगळं भांडायचा अधिकार ज्याचं नाव कागदावर, त्याला. नोटीस त्याला येते, मोबदला त्याच्या खात्यात जातो, कोर्टात तोच उभा राहतो. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीदारांमध्ये बायका होत्या सुमारे १४ टक्के. खुरपणी-वेचणी करणाऱ्या रानात मोजल्या तर हा आकडा कुणाला पटेल? नवऱ्याने परस्पर भाडेपट्टा केला, तर आपल्याच शेतात क्रेन आल्यावर तिला कळतं.

तुम्ही म्हणाल, आम्ही तालुक्याच्या गावात राहतो, आमचा काय संबंध? आहे. माहेरच्या जमिनीला पवनचक्कीचं गिऱ्हाईक आलं की कंपनीच्या वकिलाला सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. मग कधी नव्हे तो भाऊ साडी घेऊन येतो. ‘ताई, नुसती सही आहे गं, हक्कसोडाची.’ हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका हक्क दिला. दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात नसले तरी तो राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. हक्कसोडपत्र एकदा नोंदवलं की ते परत फिरवणं फार अवघड. माहेर तुटू नये म्हणून सही करणाऱ्या बायकांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. पण काय सोडतो आहोत, त्याचं भाडं वर्षाला किती येणार आहे, एवढं तरी विचारून घ्या. सही नंतरही करता येते.

फेरफाराची नोंद धरली की हरकतीला १५ दिवस असतात. नोटीस ज्यांचा हक्क नोंदलेला असतो त्यांनाच येते, म्हणून वारसनोंद झाली आहे का, हे आधी तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) बघून या. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीकडे द्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय व्यवहार होतच नाही.

वाऱ्याच्या विजेला माझा विरोध नाही. मार्च २०२५ पर्यंत देशाची पवनऊर्जा क्षमता ५० हजार मेगावॉटच्या पुढे गेली. कोळशाच्या राखेपेक्षा ती कितीतरी बरी. पण चक्की इकडे की तिकडे, हे गावात कुठेतरी उघडपणे बोललं जायला हवं, आणि जनसुनावणी नसताना ती जागा म्हणजे ग्रामसभा. नियमित ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते, असं आपला ग्रामपंचायत कायदाच सांगतो. बहुतेक गावांत रजिस्टर घरी पाठवून सह्या गोळा होतात आणि सभा झाली म्हणतात. पुढच्या वेळी रजिस्टर दारात आलं, तर विषयपत्रिकेत पवनचक्कीचा ना-हरकत दाखला आहे का, ते वाचा. असेल तर मनोऱ्यांचा नकाशा मागा आणि आपल्या वस्तीवरचं घर त्यावर दाखवलंय का ते बघा.