शाळेच्या दाराचा इतिहास शाळेतच शिकवा

शाळेत जातीचा विषय काढू नये, मुलांची मने निर्मळ असतात, त्यांत आपण विष कशाला कालवायचे, असे अनेक शिक्षक-पालक मनापासून मानतात. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण ज्या निर्मळपणावर हा युक्तिवाद उभा आहे, तो नगर जिल्ह्यात तरी पुराव्यापुढे टिकत नाही. 28 एप्रिल 2014 रोजी जामखेड तालुक्यातील खर्ड्यात 17 वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा खून झाला. सवर्ण मुलीशी त्याचे बोलणे खपले नाही, असा आरोप होता. खटल्यात साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर 2017 मध्ये आरोपी निर्दोष सुटले. नववी-दहावीच्या मुलांना जात ठाऊक असते: आडनावावरून, वस्तीवरून, मिरवणुकीतल्या गाण्यांवरून. या भेदाविरुद्ध कोणी, कशाच्या बळावर, काय मिळवले, हे मात्र ठाऊक नसते. शाळा गप्प बसली म्हणून जातीची शिकवणी थांबत नाही. ती पारावर आणि मोबाइलवर चालूच राहते.

हे सारे पाठ्यपुस्तकात आहेच, असे कोणी म्हणेल. आहे, पण लहानपणी बाबासाहेबांना वर्गात वेगळे गोणपाटावर बसावे लागले, ही हकिकत एका थोर पुरुषाच्या हालअपेष्टा म्हणून येते. त्यांना तसे बसवले कोणी, कोणत्या अधिकाराने, हा प्रश्न वर्गात उठतच नाही. त्यासाठी 1856 च्या धारवाड प्रकरणापर्यंत मागे जावे लागते. एका महार मुलाने तिथल्या सरकारी शाळेत प्रवेश मागितला. न्याय त्याच्या बाजूने आहे, हे मुंबई सरकारने लेखी मान्य केले आणि तरीही नकार दिला, कारण त्याला घेतले तर बाकीचे शाळा सोडतील ही भीती. 1858 मध्ये कंपनी सरकारने सरकारी शाळा सर्वांना खुल्या असल्याचे तत्त्व मान्य केले, पण गावोगावची अस्पृश्य मुले ओसरीवरच राहिली. शाहू महाराजांनी कोल्हापुरात अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत आणले ते 1919 मध्ये. मुंबई विधिमंडळाच्या 4 ऑगस्ट 1923 च्या बोले ठरावात अस्पृश्यांना खुल्या करायच्या विहिरी, तळी, धर्मशाळांच्या जोडीने सार्वजनिक शाळाही आहेत, हे महाडच्या सत्याग्रहाचे स्मरण करताना आपण विसरतो. पुढे 1950 मध्ये संविधानाच्या कलम 29(2) ने सरकारी व अनुदानित शाळांत जातीवरून प्रवेश नाकारणे बेकायदा ठरवले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या त्या त्यानंतर, 1954 मध्ये. अमेरिकेतल्या लिटल रॉकच्या नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची नावे जगभर वाचली जातात. धारवाडचा मुलगा आपल्या मुलांना माहीतही नाही.

नगरच्या शिक्षकांना तर साधनांसाठी लांब जायला नको. नगरमधली अमेरिकन मिशनरी सिंथिया फरार यांची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले पुण्यात आपली शाळा काढण्यास प्रवृत्त झाले. 1842 मध्ये नगरला सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’ पत्राने 1855 मध्ये फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता या चौदा वर्षांच्या मातंग मुलीचा निबंध छापला. नववीतल्या मुलीच्याच वयाची ती. एवढा जवळचा धडा दुसरा कोणता असेल? ‘बलुतं’ हे दलित आत्मकथन लिहिणारे दया पवारही याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातल्या धामणगावचे.

अशाने सवर्ण मुलांना अपराधी वाटेल, ही भीती मला अनाठायी वाटते. या इतिहासात शाहू महाराज आहेत, भंडारी समाजातले बोले आहेत, सर्व जातींच्या मुलांना एका वसतिगृहात जेवू घालणारे कर्मवीर भाऊराव आहेत. कोणाच्या पंगतीला बसायचे, हे ठरवायला मुलगा मोकळा असतो. शिवाय हा प्रश्न मिटलेला नाही. जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना शिक्षण हक्क कायद्यातल्या, गरीब मुलांसाठीच्या 25 टक्के राखीव प्रवेशातून सूट देण्याचा प्रयत्न राज्य सरकारने 2024 मध्ये केला आणि जुलैमध्ये उच्च न्यायालयाला तो रद्द करावा लागला. गरिबाच्या मुलाने कोणाशेजारी बसायचे, हा वाद आजही न्यायालयात जातो.

अभ्यासक्रम बदलण्याची वाट पाहू नका. मुक्ताचा निबंध, बोले ठराव आणि कलम 29(2) एवढे जरी यंदा नववीच्या वर्गात वाचले, तरी मुख्याध्यापकांनी आपले काम केले असे मी म्हणेन. दोन तासिका पुरतात.